सांगाड्याचे दप्तर

जुनी गाडी विकत घेतलेल्या माणसाला आरटीओतला तो विधी ठाऊक असतो. चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर कागदाची पट्टी धरायची, वरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा फॉर्मला चिकटवायचा. रंग बदलला, दारे बदलली, अगदी इंजिन बदलले तरी रीतसर नोंद करून गाडी तीच राहते. चासी बदलली की मात्र कारकुनाच्या भुवया वर जातात. आपल्या हे इतके अंगवळणी पडले आहे की सगळीकडे असेच असणार असे आपण धरून चालतो. फोर्डच्या मॉडेल टीचे कागद वाचायला बसलो, तेव्हा पहिली ठेच इथेच लागली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी तयार झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या सांगाड्यावर गाडीचा नंबरच नाही. गाडीचा नंबर म्हणजे इंजिनाचा नंबर. १९२६ च्या मॉडेलपासून तोच आकडा सांगाड्यावरही ठोकू लागले. ज्याच्या खांद्यावर सारी गाडी, तो तोवर निनावी.

निनावी वस्तूचा इतिहास लिहायचा कसा, हा या लेखाचा विषय.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्या गॅरेजात 'चासी' म्हणतात तेव्हा कधी नुसता लोखंडी सांगाडा अभिप्रेत असतो, कधी इंजिन आणि चाकांसह धावू शकणारी बिनअंगाची गाडी. महामार्गावर डोक्याला फडके आणि डोळ्यांना गॉगल लावून ट्रकची उघडी चासी पळवणारे ड्रायव्हर आपण पाहिलेले असतात. अमेरिकेतल्या जुन्या मोटारीही अशाच बनत. खाली शिडीसारखा सांगाडा: दोन लांब उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. त्याखाली स्प्रिंगच्या पाट्यांवर ॲक्सल, सांगाड्यावर इंजिन, आणि शेवटी सुताराने केलेले अंग. पुढे मी सांगाडा म्हणेन तो या शिडीला.

आता साधनांकडे. वि. का. राजवाड्यांनी मराठी वाचकाला एक सवय लावली: बखर रंगून वाचावी, पण विश्वास ठेवावा तो कामकाजाच्या ओघात लिहिलेल्या अस्सल कागदावर. मोटारींच्या इतिहासात बखरींचा सुकाळ आहे. कंपन्यांची कॅटलॉग, सुवर्णमहोत्सवी पुस्तिका, संस्थापकांची आत्मचरित्रे या सगळ्या बखरीच. दप्तर म्हणाल तर ते वेगळे: सुट्या भागांच्या किमतीच्या याद्या, नकाशांत केलेल्या दुरुस्त्यांच्या नोंदी, अभियंत्यांच्या सभेत वाचलेले निबंध, न्यायालयाचे निवाडे. सांगाड्याच्या बाबतीत हा भेद जास्तच तीव्र होतो, कारण ग्राहकाला सांगाडा दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल कॅटलॉग लिहिणारा काहीही लिहू शकतो.

बखरीचा एक नमुना पाहा. इंडियानापोलिसच्या अमेरिकन मोटार कार कंपनीने १९०७ च्या सुमारास 'अंडरस्लंग' नावाची गाडी काढली. इतरांचा सांगाडा ॲक्सलच्या वर बसे. हिचा ॲक्सलच्या खाली टांगलेला होता. गाडी जमिनीलगत आणि चाके मात्र चाळीस इंचांची, त्यामुळे ती आजही फोटोत लक्ष वेधते. हिच्या जन्माची कथा अशी सांगतात की सांगाड्यांचा एक माल कारखान्याच्या धक्क्यावर उलटा उतरवला गेला, तो पाहून फ्रेड टोन या अभियंत्याला कल्पना सुचली. कथा झकास आहे. पण सांगाडा नुसता उलटा केला तर पाट्यांचे टेकू उलटे होतात, इंजिनाची बैठक उलटी होते, स्टिअरिंगचे कोन बिघडतात. उलटी शिडी पाहून एखाद्याला विचार सुचेल. गाडी तयार होण्यासाठी प्रत्येक नकाशा नव्याने काढावा लागेल. म्हणून ही कथा मी न्यूटनच्या सफरचंदाशेजारी ठेवून देतो. कंपनी १९१४ पर्यंत मिटली.

सुरुवातीचे अनेक सांगाडे लाकडाचे, किंवा लाकडाला लोखंडी पट्टी जडवलेले होते. याला मागासलेपणा समजू नये. सिराक्यूजच्या फ्रँकलिन कंपनीने ॲश लाकडाचा सांगाडा १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकवला, आणि तो स्वस्त गाड्यांत नव्हे, चांगल्या महागड्या गाड्यांत. लाकूड लवते, धक्का पिते, असा कंपनीचा दावा होता. पोलादवाल्यांचा दावा नेमका उलट: लवत नाही म्हणून आमचा घ्या. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते. फ्रँकलिनचे इंजिन हवेने थंड होणारे, गाडी हलकी, पाटे लांबलचक आणि मऊ. या जुळणीत लवचीक सांगाडा शोभून दिसे. अंग जड होत गेले तेव्हा त्यांनाही पोलादाकडे वळावे लागले.

पोलादाची गोष्ट मिलवॉकीत घडते. सी. जे. स्मिथ नावाच्या कारागिराने तिथे आधी बाबागाड्यांचे आणि मग सायकलींचे भाग बनवले. मुलगा आर्थर ऑलिव्हर स्मिथ याने विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी पत्रा दाबून मोटारीचा सांगाडा करायला सुरुवात केली आणि १९०४ मध्ये ए. ओ. स्मिथ कंपनी उभी केली. कंपनीच्या इतिहासात वारंवार येणारा प्रसंग १९०६ च्या एप्रिलमधला आहे: हेन्री फोर्डने दहा हजार सांगाडे मागितले, मुदत चार महिने. कारखान्यात तेव्हा दिवसाला दहा-एक सांगाडे होत. स्मिथने प्रेस अशा बदलल्या की दिवसाला शंभर निघू लागले, आणि ऑगस्टमध्ये माल पोचता झाला.

ही बखर आहे की दप्तर? प्रसंग कंपनीच सांगते, म्हणून थोडे थांबून हिशोब करायला हवा. एप्रिल ते ऑगस्ट, रोज शंभर, आठवड्याला सहा दिवस: चार महिन्यांत साधारण दहा हजार भरतात. आता दुसऱ्या टोकाने पाहू. फोर्डने १९२२ च्या आपल्या आत्मकथनात वर्षवार विक्री दिली आहे. १९०५-०६ चा आकडा १,५९९ आणि १९०६-०७ चा ८,४२३. म्हणजे आदल्या वर्षी सोळाशे गाड्या विकणाऱ्या माणसाने दहा हजार सांगाडे मागितले, हे वरवर वेडेपणाचे दिसते. पुढच्या वर्षाच्या आकड्याशी लावून पाहिले की ते हिशोबी ठरते. दोन कंपन्यांच्या दोन बखरी, एकमेकींकडे न पाहता, एकमेकींना दुजोरा देतात. तेवढ्यापुरता मी हा प्रसंग ग्राह्य धरतो. एक सावधगिरी मात्र हवी: 'शंभर' हा आकडा 'दहा हजार भागिले दिवस' असा नंतर मागून काढलेला असू शकतो. गोल आकडे दिसले की इतिहासकाराने चष्मा पुसावा.

मिलवॉकीचे खरे नवल पुढे आहे. आर्थरचा मुलगा लॉइड रेमंड स्मिथ याने १९२१ मध्ये सांगाड्यांचा एक कारखाना सुरू केला, ज्यात कच्ची पट्टी एका टोकाने आत जाई आणि तयार सांगाडा दुसऱ्या टोकाने बाहेर येई. मध्ये माणसाचा हात जवळजवळ नाहीच. पट्टी आधी सरळ केली जाई, मोजली जाई, मापात नसेल तर यंत्रच तिला बाजूला काढी. मग छेद, दाब, जुळणी आणि रिव्हेट. सबंध सांगाड्याला पाचशे बावन्न क्रिया, आणि दर आठ सेकंदांना एक सांगाडा. १९२९ च्या फेब्रुवारीत स्मिथने 'मॅगझिन ऑफ बिझनेस'मध्ये लेख लिहिला. मथळ्याचा आशय असा की माणसांवाचून चालणारा कारखाना आम्ही बांधतो. लेखातली एक कबुली मला महत्त्वाची वाटते. आपले कामगार दिवसेंदिवस तेच ते काम करताना पाहूनच बहुधा आम्ही या शोधाला लागलो, असे तो म्हणतो. दया होती की वैताग, हे तो स्पष्ट करत नाही.

पण आकड्यांकडे परत येऊ. या कारखान्याबद्दल 'दिवसाला दहा हजार सांगाडे' असे छापलेले सापडते. आठ सेकंदांना एक म्हणजे तासाला साडेचारशे, आणि चोवीस तासांत १०,८००. म्हणजे दहा हजार हा आकडा रात्रंदिवस, जवळजवळ न थांबता चालल्यासच निघतो. ती क्षमता झाली, उत्पादन नव्हे. आणि क्षमता तरी केवढी! वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीस लाख सांगाडे. १९२१ साली साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे पंधरा लाख मोटारी बनल्या होत्या. स्मिथने देशाच्या गरजेच्या दुप्पट क्षमतेचे यंत्र मांडले, तेही इतर सांगाडेवाले बाजारात असताना आणि मंदीचे वर्ष असताना. १९३२ मध्ये देशभरातल्या मोटारी अकरा लाखांवर आल्या, तेव्हा हे यंत्र किती तास निजले असेल याचा अंदाज वाचकाने करावा. तरीही ते १९५८ पर्यंत चालले. अमेरिकन यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने १९७९ मध्ये त्याची ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंद केली. डिझाइनच्या इतिहासासाठी यातली गोम वेगळी आहे. एवढे यंत्र मांडल्यावर सांगाड्याचा आकार कोण ठरवणार, मोटारीचा अभियंता की मिलवॉकीची प्रेस? यंत्रात जी शिडी बसते ती स्वस्त, जी बसत नाही ती महाग. शिडीचा सांगाडा अमेरिकेत इतका दीर्घायुषी का झाला, याचे काही उत्तर या कारखान्यात आहे असे माझे मत आहे.

फोर्डकडे वळू, कारण खरे दप्तर तिथे आहे. डिअरबॉर्नच्या बेन्सन फोर्ड संशोधन केंद्रात कारखान्याचे नकाशे आणि त्यांत झालेल्या बदलांच्या नोंदी जपल्या आहेत. ब्रूस मॅकॅलीने मॉडेल टीवर १९९४ मध्ये जो ग्रंथ काढला त्याचा पाया या नोंदींचा आहे. 'मॉडेल टी एकोणीस वर्षे बदललीच नाही' ही लोकप्रिय समजूत या कागदांपुढे टिकत नाही. सांगाड्याचेच घ्या. आरंभीच्या गाड्यांत मागचा आडवा पट्टा आखूड आहे आणि अंग टेकायला घडीव कंस वेगळे जोडलेले आहेत. १९१३ च्या आसपास पट्टाच लांब केला आणि ते कंस गेले. दिसायला क्षुल्लक, पण घडाई गेली, दाबाई आली. लोहार गेला, प्रेस आली. जे मिलवॉकीत घडत होते तेच इथे एका कंसात दिसते.

या नोंदी वाचताना तारखांचा सापळा लक्षात ठेवावा लागतो. नकाशावर बदलाची तारीख पडली म्हणजे त्या दिवशी गाडी बदलली असे नाही. जुना साठा आधी संपवायचा; शिवाय फोर्डच्या गाड्या एकाच जागी नव्हे, देशभरच्या शाखांमध्येही जुळत. एका शाखेत नवा पट्टा लागला तेव्हा दुसरीत जुनाच चालू असेल. म्हणून 'अमुक सालचा सांगाडा' म्हणण्यापेक्षा 'अमुक नकाशाचा सांगाडा' म्हणणे शास्त्रशुद्ध. प्रदर्शनात बक्षीस मिळवायला निघालेल्या मालकांना हे उत्तर आवडत नाही.

आता पिळाकडे. शिडी वाकायला चिवट असते, पिळायला नाही. उघड्या कडांची, 'सी' आकाराची पट्टी पिळली तर सहज पिळते. रिकामा पुठ्ठ्याचा खोका झाकण काढून दोन टोकांनी धरा आणि पिळून पाहा, कळेल. खड्ड्यांच्या रस्त्यांवर, उघड्या अंगाच्या गाडीत हा पीळ कोणाला फारसा जाचत नव्हता. एक चाक वर गेले, सांगाडा थोडा मुरगळला, पुन्हा सरळ झाला. पण १९१९ मध्ये अमेरिकेतल्या दहातल्या नऊ गाड्या उघड्या होत्या आणि दहा वर्षांनी दहातल्या नऊ बंद. बंद अंग म्हणजे दारे, काचा, छप्पर. खालचा सांगाडा मुरगळला की दार अडकते, काच तडकते, सांधे करकरतात. १९३४ च्या सुमारास पुढची दोन चाके स्वतंत्रपणे वरखाली होऊ लागली, तेव्हा तर सांगाडा ताठ असणे अटळच झाले. तो मुरगळला तर चाकांचे कोन बिघडतात. कॅडिलॅकच्या मॉरिस ऑलीने त्या वर्षी मोटार अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतंत्र चाकांवर निबंध वाचला. त्या काळातल्या कॅटलॉगच्या ढिगापेक्षा असा एक निबंध मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो ग्राहकांना नव्हे, प्रतिस्पर्ध्यांना उद्देशून लिहिलेला आहे. प्रतिस्पर्ध्यांपुढे थापा पचत नाहीत.

पिळावरचा उपाय म्हणजे शिडीच्या पोटात घातलेली फुली. सांगाडा पिळायला लागला की फुलीच्या तिरक्या भुजा वाकायला बघतात, आणि वाकण्याला त्या चिवट असतात. पीळ वाकण्यात बदलतो आणि तिथेच अडतो. अमेरिकन गाडीत ही फुली प्रथम घातल्याचे श्रेय सहसा १९२९ च्या कॉर्ड एल-२९ ला देतात. 'पहिली' या शब्दावर मी एरवी विश्वास ठेवत नाही, पण इथे कारण पटते. कॉर्डची ओढ पुढच्या चाकांना होती. इंजिनापासून मागे जाणारा दांडा नव्हता, म्हणून फुलीचा मध्य जिथे पडतो ती जागा मोकळी होती. हर्बर्ट स्नो या अभियंत्याने मग तीच फुली १९३१ च्या ऑबर्नमध्ये, मागच्या चाकांच्या ओढीच्या गाडीत नेली, आणि तिथे फुलीच्या मध्यातून दांड्याला वाट काढून द्यावी लागली. फोर्डने १९३२ च्या व्ही-एटमध्ये 'के' आकाराचा पट्टा घातला होता. १९३३ मध्ये तिथेही फुली आली. जाता जाता, त्या १९३२ च्या फोर्डच्या सांगाड्याच्या उभ्या पट्ट्या बाहेरून दिसतात, आणि त्यांवर शोभेची रेघ दाबलेली आहे. जन्मभर लपून राहिलेल्या सांगाड्याने क्वचित कधी तोंड दाखवले, त्यातला हा प्रसंग. जुन्या गाड्या पळवणारे अमेरिकन तरुण पुढे त्याच्यावर लट्टू झाले.

१९५७ च्या कॅडिलॅकमध्ये आणि १९५८ च्या शेवरोलेमध्ये जनरल मोटर्सने या फुलीचे टोक गाठले. शिडीच्या बाजूच्या पट्ट्याच काढून टाकल्या. उरली ती मधोमध जाड कण्यासारखी नळी आणि दोन्ही टोकांना फाकलेले हात. हेतू उघड होता. पट्ट्या नाहीत म्हणजे पाय ठेवायची जमीन खाली नेता येते, आणि गाडी बुटकी होते. त्या दशकात बुटकी गाडी म्हणजे सुंदर गाडी. शेवरोलेने या सांगाड्याला 'सेफ्टी गर्डर' म्हटले. सुरक्षेची तुळई! बखरकारांनी आपले काम चोख केले.

दारांच्या खाली आता बाहेरून येणारा धक्का घ्यायला पट्टी नव्हती. १९६१ च्या शेवरोले स्टेशन वॅगनला चौकात डाव्या बाजूने दुसऱ्या गाडीची धडक बसली, चालक मरण पावला, आणि दावा अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. फिर्यादीचे म्हणणे असे की इतर अनेक कंपन्या कडेने पट्टी जाणारा सांगाडा वापरतात, इथे तो नाही. एप्रिल १९६६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. बहुमताचा आशय असा की टक्कर होणार हे निर्मात्याला कळत असले, तरी टक्कर घेणे हा मोटारीचा अपेक्षित उपयोग नव्हे. तसे बंधन घालायचे असेल तर ते कायदेमंडळाने घालावे. एका न्यायाधीशाने भिन्न मत नोंदवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने वाहन सुरक्षेचा कायदा केला, आणि १९७७ मध्ये सातव्या सर्किटने दुसऱ्या एका खटल्यात आपलाच हा निर्णय मोडीत काढला.

जुन्या गाड्यांवरच्या लेखनात या निवाड्याचा दोन्हीकडून गैरवापर होतो. कोणी म्हणतो, न्यायालयाने फुलीला निर्दोष ठरवले. कोणी म्हणतो, फुली धोक्याची असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. निवाडा नीट वाचला तर दोन्ही चूक. दावा साक्षीपुरावा होण्याआधीच फेटाळला गेला होता, आणि अपिलात प्रश्न एवढाच होता की फिर्यादीतले सगळे खरे धरले तरी कायद्याने दावा उभा राहतो का. एकाही अभियंत्याची साक्ष झाली नाही, एकही सांगाडा तपासला गेला नाही. म्हणजे हा कागद कायद्याच्या इतिहासाचे उत्तम साधन आहे, सांगाड्याच्या इतिहासाचे फारच थोडके. सांगाड्याबद्दल तो एवढेच सांगतो की १९६१ च्या त्या शेवरोलेत कडेची पट्टी नव्हती आणि इतर बऱ्याच गाड्यांत होती. शेवरोलेने मोठ्या गाड्यांतला फुलीचा सांगाडा १९६४ च्या मॉडेलनंतर सोडला होता, म्हणजे निकालाच्या आधीच. निकालाने तो सांगाडा मारला असे म्हणता येत नाही. ब्यूइकच्या रिव्हिएरात तर तो १९७० पर्यंत नांदला.

शेवटी आपल्याकडे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. अमेरिकन गाड्या सुट्या भागांत येत आणि इथे उभ्या राहत. पुढे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज आणि प्लिमथ जुळू लागल्या. त्यांतल्या काही आजही वाड्यांमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि हौशी मालकांच्या गॅरेजात आहेत. एखादी उघडायला निघालात, तर सांगाड्यावर वाळूचा मारा करण्याआधी आणि वेल्डिंगची नळी पेटवण्याआधी चार गोष्टी करा. आडव्या पट्ट्यांमधली अंतरे मोजून लिहून ठेवा. रिव्हेट कुठे आहेत आणि त्यांच्या जागी बोल्ट कुठे आले, याचे फोटो काढा. पत्र्याची जाडी न गंजलेल्या जागी मोजा. आणि आकडा, अक्षर, कुठलीही खूण दिसली, तर कागद धरून पेन्सिल घासा.